भुऱ्याची तूप-पोळी बंद केली आहे

प्रिय आई,

नमस्कार करते, पण आज वाकून नाही. आज मला भांडायचं आहे.

तुमचं वर्षश्राद्ध पार पडलं. गुरुजी गेले, पाहुणे गेले, आणि सुनंदाताई माझ्याशी एक शब्द न बोलता ठाण्याला निघून गेल्या. चपला घालताना तुमच्या लेकीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उद्यापर्यंत टेंभी नाक्यापासून ठाकुर्लीपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळेल की मेघाने सासूला दिलेला शब्द मोडला. कुणी तिखटमीठ लावून तुमच्या कानावर घालण्याआधी म्हटलं आपणच कळवावं. हो, मोडला. तुमच्या लाडक्या भुऱ्याची तूप-पोळी मी बंद केली आहे.

मुळात तो शब्द मी दिलाच नव्हता! दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला, झाडावर कावळे भरपूर, पण एक खाली उतरेना. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला." संजय हात जोडून म्हणाला, "आई, घर नीट सांभाळीन." कावळे ढिम्म. "ताईचं माहेर तुटू देणार नाही." ढिम्म. मी तुमच्या तुळशीची हमी दिली, तिलाही कुणी विचारलं नाही. ऊन चढत चाललं, सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. आणि मग सुनंदाताई एकदम हुंदका देऊन ओरडल्या, "आई, भुऱ्याची काळजी करू नकोस गं! तू घालायचीस तस्संच सगळं घालू. तूप-पोळी चुकवणार नाही!"

आणि आला की हो कावळा! सगळे रडले. मीही रडले. घर, मुलगा, तुळस सगळं राहिलं बाजूला आणि तुमचा जीव अडकला होता कुत्र्याच्या खाण्यात. संजयला त्याचं जरा लागलं, तुम्हाला म्हणून सांगते.

पण आई, 'तू घालायचीस तस्सं' म्हणजे किती, याचा विचार त्या वेळी कुणी केला? सकाळी तुमच्या चहाबरोबर त्याला खारी. पोळ्या करताना पहिली पोळी त्याची, तूप लावून, कुस्करून. आम्ही जेवायला बसलो की तो पुन्हा ताटापाशी. दुपारी तुमची झोप झाली की बिस्किटं. संध्याकाळी दूधभात. रात्री संजय वागळे इस्टेटहून थकून आला की त्याच्या पानातलं. शिवाय बाराही महिने, "त्याचं तोंड बघ गं, सकाळपासून उपाशी असल्यासारखं झालंय!" अहो, त्याचं तोंड जन्मतःच तसं आहे! लॅब्राडॉर जेवून उठल्यावरसुद्धा तसाच बघतो.

तुम्ही गेल्यावर आम्ही सगळं तसंच चालू ठेवलं. पुण्यकर्म म्हणून! थंडी सरेपर्यंत भुऱ्याची कंबर गायब झाली. आपल्या दोन मजल्यांच्या जिन्यात तो मध्येच बसायला लागला, जीभ बाहेर, डोळे पांढरे. मी त्याला डॉक्टरांकडे नेलं, संजयलाही ओढत नेलं. डॉक्टरबाई तरुण, पण जिभेने तिखट. म्हणाल्या, "दिवसभरात काय काय खातो?" मी माझं सांगितलं, संजयने त्याचं सांगितलं, आणि आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. घरातला प्रत्येक जण आपण घालतो तेवढंच धरून चालला होता.

"हा कुत्रा आहे की पाहुणा?" बाई म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोनदा जेवण पुरे. सकाळी आणि संध्याकाळी, मापून. मधे काही नाही. छातीच्या बाजूने हात फिरवला की बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत." मी लगेच हात फिरवला. बरगड्या कसल्या, नुसती गादी! त्यांनी सांगितलं, असंच चाललं तर आधी त्याचे सांधे जातील आणि मग हृदय.

त्या दिवसापासून तुमची आमटीची वाटी त्याचं माप झाली. सकाळी भरून, संध्याकाळी भरून, बस्स. पहिला आठवडा त्याने मला वैरीण ठरवलं. रिकामं भांडं तोंडात धरून तुमच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसायचा. तक्रार करायला! वाईट वाटलं ना मला, दगडाची नाही मी. पण वाटी वाढवली नाही.

संजयने ऐकलं. सुनंदाताई ऐकायला तयार नाहीत. दर रविवारी त्या डबा घेऊन हजर. "मेघा, आईला शब्द दिलाय. कावळा शिवलाय." मी म्हणायचे, "ताई, तुमचा शब्द, मग घेऊन जा त्याला ठाण्याला." तर म्हणे आमच्या सोसायटीत चालत नाही. मागच्या महिन्यात मी भाजी आणायला गेले तेवढ्यात त्यांनी त्याला साजूक तुपातला शिरा घातला, वर मूठभर मनुका. आई, मनुका कुत्र्याला विष! तुम्हाला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं, पण भुऱ्याच्या पोटाला त्याचं काय? ओकून ओकून आडवा झाला. दोन दिवस सलाइनवर होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मला तुमचा राग येत होता. हो, तुमचाच.

कारण हे सगळं मी आधी एकदा पाहिलंय. तुमच्या बाबतीत. साखर एवढी वाढलेली, डॉक्टरांनी हात जोडलेले, आणि तुम्ही उशीखाली पेढा ठेवायचात. अर्धा तुम्हाला, अर्धा भुऱ्याला, म्हणजे कागद चाटून पुरावा नाहीसा करायला तो होताच! आणून कोण द्यायचं? लेक. "एका पेढ्याने काय होतंय? म्हातारीचा जीव कशाला मारायचा?" मी भात मोजून वाढला की तुम्ही शेजारच्या काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचात, "आमची सून घास मोजते हो."  मोठ्या माणसाच्या हातातला पेढा कसा हिसकावणार? आधी तुमचा पाय गेला, मग मूत्रपिंडं, मग तुम्ही. तुम्हाला प्रेमाने खाऊ घालणारे सगळे चांगले ठरले आणि मोजणारी मी एकटी वाईट.

तुमच्यापुढे मी हरले, आई. मला तुम्ही हव्या होतात आणि मी हरले. पुन्हा हरणार नाही.

आज गच्चीवर तुमचं पान ठेवलं. खीर, वडे, तुमची आवडती भोपळ्याची भाजी. कावळा पाण्याच्या टाकीवर बसला आणि तिथूनच बघत राहिला. सगळे उपाशी ताटकळत. मग सुनंदाताई वळून म्हणाल्या, "अजून वेळ गेली नाही, मेघा. बोल, भुऱ्याला पहिल्यासारखं घालीन. बघ लगेच येतो की नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. संजय मान खाली घालून उभा. मी पानासमोर गेले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आई, मी नाही घालणार."

कुणीतरी "अगंऽ" केलं. सुनंदाताईंनी तोंडाला पदर लावला. कावळा उडाला आणि पलीकडच्या बिल्डिंगवर जाऊन बसला. आला नाही. कुणी म्हणालं दर्भाचा कावळा करून शिवूया, तेव्हा संजयने पहिल्यांदा तोंड उघडलं. "नको. तिने आईला खरं सांगितलंय. पान असू दे तिथंच, आपण जेवायला बसू." आई, लग्नानंतर एवढं मोठं वाक्य तो पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलला असेल. तुम्ही ऐकलंत ना?

तेव्हा रुसायचं तर रुसा. पितरांचा कोप व्हायचा तर माझ्यावर होऊ दे. सुनंदाताईंना मी समजावीन, नाही समजल्या तर डबा दारातच काढून घेईन, पण त्यांचं माहेर तुटू देणार नाही.

आणि शब्दच हवा असेल तर माझा घ्या, हा मी स्वतः देतेय. भुऱ्याला मी म्हातारा करीन. तोंड पांढरं होईल, कान ऐकेनासे होतील, जिना चढायला तास लावील, इतका म्हातारा. तुम्हालाही इतकंच म्हातारं होताना बघायचं होतं मला.

तुमची,
घास मोजणारी मेघा