कातडं शेकतानाचा आवाज

आबा, माय तुमची हलगी ऐकायची म्हणून हटून बसली आहे. पावसाळ्याआधी ती न्हाणीपाशी घसरली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिची बाज माझ्या कामाच्या टेबलाला लागूनच आहे. मी कॉम्प्युटरवर लोकांच्या गाण्यांतले ढोल-ताशे साफ करत बसते आणि ती पडल्या पडल्या माझ्याकडं बघते. तुम्ही घेऊन दिलेला हेडफोन कधीच मोडला, हा नवा आहे. तो पहिला देताना तुम्ही म्हणाला होता, "थंडीत कानाला बी बरा." मायचं मत अजून तेच आहे, एवढ्या उकाड्यात मी कान झाकून का बसते ते तिला कळत नाही. एके सकाळी म्हणाली, "दुनियेचं वाजवणं दुरुस्त करून राहिली तू. तुझ्या बापाचं काहून लावत न्हाईस? एक डाव ऐकव, मग जाते मी खुशाल." गोळी कडू लागली तरी ती हेच म्हणते, त्यामुळं आधी मी हसले. पण या वेळी ती रुसलेली नव्हती. ते लक्षात आलं आणि मी हेडफोन काढून ठेवला.

अख्ख्या तालुक्यात वाजवलंत तुम्ही, आणि मागं धड आवाज राहिला नाही. वसमतच्या ज्या व्हिडिओ लॅबमध्ये मी मिक्सिंग शिकले, तिथं लग्नाच्या कॅसेटवर सिनेमाची गाणी चढवायचा रिवाजच होता. वरातीचा खरा आवाज म्हणजे कचरा. कुरुंद्याच्या एका वरातीत तुम्ही सगळ्यांच्या पुढं चालताय, हात दिसतो, मानेवरचा घाम दिसतो, नवरदेवाचा मामा नाचता नाचता फेटा सावरतोय, आणि वर भलतंच गाणं. मायला ते दाखवलं तर ती म्हणाली, "मुका करून टाकला की गं माणूस." उरलं ते एकच रेकॉर्डिंग, तुम्हाला लकवा मारल्यानंतर आपल्या अंगणात दोन माइक लावून केलेलं. डावा हात तेव्हा कुठं हलायला लागला होता. "लाव तुझं मशीन, बघू हात काय म्हनतो," असं तुम्हीच म्हणालात. वाजवून झाल्यावर हलगी खुंटीला अडकवलीत, आणि हात काय म्हणाला ते ऐकायला मागितलं नाहीत. पुढच्या थंडीत तुम्ही गेलात.

तेच मी मायला लावून दिलं. थोडा वेळ तिनं ऐकलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. "हा तुझा बाप न्हाई. कोनी तरी शिकाऊ हाय."

मग मी तुमचं वाजवणं दुरुस्त करायला बसले. स्क्रीनवर प्रत्येक ठोक्याचा एक उंचवटा दिसतो आणि मागं सारख्या अंतरावर उभ्या रेघा असतात. ठोका मागं-पुढं पडला असेल तर त्याला धरून रेघेवर आणायचं, एवढंच माझं काम, आणि त्यावरच आमचं घर चालतं. तुमच्या उजव्या हातातलं टिपरू बरोबर पडत होतं. डाव्या हातातली बारीक काडी मात्र दमलेल्या माणसासारखी मागून यायची, कधी यायचीच नाही. एकेक ठोका ओढून जागेवर बसवला. माय म्हणाली, "हे तर घड्याळ वाजून राहिलं." बरोबरच होतं तिचं. वरात देवळाच्या चढाला लागली की तुम्ही ठेका जरा धरून ठेवायचात, म्हातारी माणसं मागं राहू नयेत म्हणून. माझ्या रेघांना चढ कुठला कळायला!

मग दुसरी युक्ती केली. सुरुवातीला तुमच्या डाव्या काडीचे काही ठोके बरे पडले होते, त्यांच्या नकला करून पुढच्या मोकळ्या जागी चिकटवल्या. पण ते ठोके तिथं बसेनात. चिकटवलेला ठोका टणक आणि भोवतालची हलगी बसकी. का ते कळायला मला वेळ लागायला नको होता. हलगी शेकून घेतली की थोडा वेळ चढलेली राहते, मग गार होत उतरत जाते, आणि त्या दिवशी तुम्ही मधे जाळावर धरायला उठला नव्हता. वाजवता वाजवता उठून पुन्हा बसणं तुमच्याच्यानं होत नव्हतं. गरम कातड्याचा आवाज गार कातड्याला लावायचा कसा, हे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं आबा, आणि शेवटी माउस सोडून नुसती बसून राहिले.

लहानपणीची गोष्ट आठवली. हळद शिजवायच्या दिवसांत तुम्ही भट्टीवर कामाला होता. संध्याकाळी वाजवायला जायचं म्हणून मीच शहाणपणा करून हलगी भट्टीच्या तोंडाशी ठेवली आणि कातडं तडकलं. तुम्ही मारलं नाही. म्हणालात, "कातडं शेकायचं असतं पोरी, भाजायचं न्हाई. त्याला इचारत जा, झालं का म्हनून." आणि दुसरी हलगी तुराट्यांच्या जाळावर फिरवत, बोटानं टिचकी मारून, कान जवळ नेऊन तुम्ही खरंच विचारता, "झालं का रं?" मी फिदीफिदी हसते आहे. तुम्ही हसत नाही, तुम्ही उत्तर ऐकताय.

आमच्या धंद्यात पहिल्या ठोक्याच्या आधीचं सगळं कापून टाकतात. खाकरणं, खुर्ची सरकवणं, कुत्रं. तुमचंही मी तसंच कापलं होतं. एखादा बरा ठोका आणखी मिळतो का म्हणून आठ दिवसांमागं मूळ फाइल उघडली आणि स्पीकर चालूच राहिला. तुराट्या तडतडल्या. टिचकी वाजली, मग दुसरी, जरा वरच्या सुरात. मग तुमचा आवाज, लकव्यानं जड झालेला, "झालं का रं?" मागं बाजेवरून माय म्हणाली, "आला. हा बघ, हाच." तिनं मान उचलली होती. बाजेच्या माचव्यावर तिची बोटं ठेक्याच्या तयारीत थांबली होती, आणि पुढं आता तुमचा पहिला ठोका येणार होता.

मी बंद केलं. "काहून थांबवलंस?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "लाइट गेली, माय."

तेव्हापासून रोज दुपारी तेवढंच लावते. ठोक्यांना हात लावू, की आहे तसे तिला ऐकवू, हे तुमच्याशिवाय कुणाला विचारू? लिहिते खरी, पण हे कुठं धाडणार? टेबलाच्या खणात ठेवीन. आजही मी तिथंच थांबवलं आणि आजही तेच सांगितलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. मायनं पंख्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मान पुन्हा उशीवर टेकवली आणि म्हणाली, "बरं. आली की लाव."