रक्ताच्या माणसाचा दोर

प्रिय दादा,

पत्र बघून तू म्हणशील, आमच्या शेंडेफळाला फोन करायला काय झालं? फोन करवत नाही, म्हणून लिहितेय. तुझा आवाज ऐकला की मी आधी रडेन आणि मग नेहमीसारखी काहीतरी थाप मारेन. थापा मारण्यात माझा हात कोण धरणार!

ऑफिसची सहल ठरली. जगातले सगळे डोंगर सोडून साहेबांनी नेमका आपलाच डोंगर निवडला. माझा भाऊ 'पर्यटन क्षेत्रात' आहे, असं मी या लोकांना तीन वर्षं सांगत आलेय. त्यांनी आपल्या मनाने तुला एक मोठं हॉटेल बांधून दिलं आणि मी गप्प बसले. बस गावात शिरली तसे सगळे खिडक्यांना चिकटले. पालथ्या घालून वाळत ठेवलेल्या होड्या, भाड्याच्या बुटांची दुकानं, सायकली, सगळ्याचं त्यांना कौतुक. आणि ज्या एकुलत्या एका रस्त्यावर मी लहानपणभर चपला झिजवल्या, तिथे मीही त्यांच्यासारखंच विचारलं, की ही नदी कुठली हो? अगदी लाज कोळून प्यायले होते. थांब्यापाशी आई विणलेल्या टोप्या घेऊन बसते ना, तिथून बस पुढे जाईपर्यंत मी खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधत राहिले.

मग तू जिथे गाईड आहेस त्या गिर्यारोहण केंद्राच्या दारात तू यादी घेऊन आलास. नाकाची सालं निघालेली, जाकिटाचा रंग उडालेला. मला बघून तुझा चेहरा असा काही फुलला! आणि लगेच तू माझा चेहरा बघितलास. मी नजर फिरवली होती. त्यानंतर दिवसभर तू मला मॅडम म्हणालास. हेल्मेटचा पट्टा घट्ट करताना माझे केस अडकले तेव्हासुद्धा, "सॉरी हं मॅडम."

कड्यावर मात्र मला तोंड उघडायला हवं होतं. तुमचा नियम मला माहीत नव्हता असं नाही. मी बारा वर्षांची असताना तूच माझा दोर धर म्हणून केवढा धिंगाणा घातला होता! तेव्हा तू समजावलं होतंस, की आपल्या रक्ताच्या माणसाचा दोर आपण धरायचा नाही, माया आली की हात चुकतो. आणि तू दुसऱ्या गाईडला हाक मारली होतीस. या वेळीही तू सगळ्यांना विचारलंस, "कोणी माझ्या ओळखीचं, नात्यातलं असेल तर आत्ताच सांगा, दोर बदलून देतो." दोनदा विचारलंस. दुसऱ्यांदा तर जवळजवळ विनवल्यासारखं. दुसरा गाईड पलीकडच्या दोरावर होताच, त्याला नुसती हाक मारायची होती. पण ती मारली असतीस तर कारण सांगावं लागलं असतं, आणि मी बुटाची नाडी बांधत बसले होते.

मी उतरायला लागले तर दोर सुटेच ना. वीतभर सोडायचास आणि थांबायचास. आमचे हिशेबनीस वरून ओरडले, की याचा मॅडमवर भरवसा दिसत नाही! सगळे हसले, मीही हसले. मान वर केली तेव्हा तुझे दोन्ही हात थरथरताना दिसले. इतकी वर्षं शेकडो माणसं उतरवणाऱ्या माझ्या भावाचे हात. खाली पोचल्यावर मी तुझ्याकडे हात हलवून थँक यू म्हणाले, वाटाड्याला म्हणतात तसं.

परत आल्यावर आईला फोनवर सांगितलं, दादाला भेटले, घरी यायला वेळच झाला नाही. ती बिचारी हरखली. तुमचे केंद्रप्रमुख, आपले काका, टोपी घ्यायला आले तेव्हा तिने त्यांनाही कौतुकाने सांगितलं, की पोरगी येऊन गेली, भावानेच कड्यावरून उतरवली. पुढचं मला काल आईच्या फोनवरून कळलं. काकांनी तुला दोरावरून काढलंय आणि तू आता पर्यटकांना बूट वाटत बसतोस. काकांनी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "ती सांगणार होती, मीच तिला गप्प केलं. मला बहिणीसमोर मिरवायचं होतं." आई अजून तुलाच बोल लावतेय, दादाला नसती हौस म्हणून.

ऑफिसात मी अजून काही सांगितलेलं नाही. तेवढी हिंमत आज तरी नाही. पण हे पत्र तुझ्या नावाचं असलं तरी पाकीट मी उघडंच ठेवलंय आणि पाठवतेय काकांच्या पत्त्यावर, त्यांनी आधी वाचावं म्हणून. काका, इथपर्यंत वाचलं असेल तर माझं एवढं ऐका. माझ्या दादाला मिरवायचं नव्हतं. मला त्याची लाज वाटली, आणि माझी ती लाज झाकायला त्याने तुमचा नियम मोडला. हे पत्र सगळ्या गाईडांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. माझ्या आईलाही बोलावून घ्या.

तुझीच,
सख्खी धाकटी बहीण