एक गाठ जास्त

प्रिय बाबा,

साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं.

इथं मी बॅले नाचणाऱ्या मुलींचे पोशाख शिवते. आमच्या मुख्य शिंपीणबाई सांगतात, फार पूर्वी हे झगे पायघोळ असत. पुढं पायांचं कसब वाढलं, ते लोकांना दिसावं म्हणून झगा वर वर चढत गेला. आता कमरेभोवती जाळीचा ताठ घेर तेवढा उरलाय. आईनं पाहिलं तर तोंडाला पदरच लावेल!

काल ऐन प्रयोगात एका नर्तिकेची चोळी काखेत उसवली. पडद्यामागं तिच्या अंगावरच टाके घालायला बसले.

"टोचलं तर सांग," मी म्हटलं.

"तू शीव गं," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

वेळेत झालं सगळं. पण टाके संपल्यावरही मी उगाच एक गाठ जास्त मारली. इथं आल्यापासून पाच महिन्यांत मला कुणाचा हात लागला नव्हता, बाबा.

हे आईला वाचून दाखवू नका. माझ्यामागं तुमच्या शिवणाच्या सुईत दोरा आता कोण ओवून देतं तुम्हाला?

तुमची,
धाकटी