सोयऱ्यांच्या एकादशीला यापिंगाचो

मार्गशीर्ष शु. २, रविवार

आज घरात दूध नासवलं म्हणून कारभारीण दिवसभर बोलली न्हाई. नासलं न्हाई, नासवलं. मुद्दाम, लिंबू पिळून. ह्या दोन्हींतला फरक सांगाया गेलो तर तोंडाला पदर लावून गोठ्यात निघून गेली. माय वसरीवरून ओरडली, "लेकीच्या सोयरिकीच्या तोंडावर दूध नासवतोस व्हय रे किसना? अक्कल बोटीवरच ठिवून आलास का?"

मला केसियो पायजे होता. नासवलेल्या दुधाचा ताजा गोळा, फडक्यात दाबून ठेवायचा. समुद्रापल्याड एक्वादोर देशात घरोघर करतात, कुणाचं वाटोळं झालेलं बघितलं न्हाई. यापिंगाचो म्हंजे तिकडचा तव्यावरचा बटाट्याचा गोळा, त्याच्या पोटात त्योच लागतो.

सुंदराला मीठ लावून तुकडा दिला. चोरून खाल्ला आन् म्हणाली, "बा, आजून हाय का?" लेक माझीच हाय.

शु. ३, सोमवार

शिरूर कासारहून निरोप आला. मुलाचे वडील सुंदराला बघाया येणार. तात्या म्हणतात त्यांना सगळे. माळकरी, बोलायला कमी, पण त्यांनी हो म्हटलं की अख्खी भावकी हो म्हणती. येणार कवा? एकादशीला.

थोरला भाऊ, आबा, निरोप ऐकून मिशीत हसला. "हुशार माणूस बे. एकादशीला आलं की जेवायचा सवालच न्हाई. तुझ्या घरचा घास पोटात जायला नको, आन् तोंडावर न्हाई बी म्हणायला नको. दिवस मावळायच्या आत केजला भाचीकडं जातील आन् द्वादशीला तिथं उपास सोडतील."

खरं बोलला, म्हणून जास्त लागलं.

परत आलो तवा पंचांनी सांगितलं ते सगळं केलं. मुंडण केलं, पंचगव्य घेतलं, गावजेवण घातलं. माणसं आली आन् कोरडा शिधा बांधून घरी घेऊन गेली. शिजवलेल्या भाताला कुणी हात लावला न्हाई. समुद्र ओलांडलेल्याच्या हातचा भात! म्हशीला घातला. म्हस जेवली, तिला भावकी न्हाई. तवापासनं माझ्या घरात भावकीतला फक्त आबा घास घेतो, त्यो बी कवाड लोटून.

ज्याच्या घरी सोयरा जेवत न्हाई त्याची लेक कोण नेणार? सुंदरा रांगत होती तवा गेलतो, आलो तर विहिरीवर पाणी शेंदत होती. मधली सगळी वरसं मी खाल्ली. आता तिचं लगीन बी मीच खाऊ का?

शु. ४, मंगळवार

सकाळी राखुंडीनं दात घासता घासता डोस्क्यात उजेड पडला. चूळ बी भरली न्हाई नीट.

बटाटा उपासाला चालतो. शेंगदाणा चालतो. मिरची, दूध, तूप, रताळं, कच्चं केळं, सगळं चालतं. आरं, हे तर रोसामावशीचं सैपाकघर!

रोसामावशी म्हंजे एक्वादोरच्या ग्वायाकील बंदरातली खानावळवाली. बोटीवर कामाला होतो, पिवळा ताप आला तवा मला किनाऱ्यावर टाकलं आन् बोट गेली. मी मरायचाच. ह्या बाईनं उचलून नेलं, पेज पाजली, बरा झाल्यावर हातात पळी दिली. पुढं आगगाडीनं वर डोंगरात तिच्या माहेरी घेऊन गेली. तिथं बटाट्याचेच शंभर प्रकार. तिनं शिकवलं, तिनं मारलं, तिनं जेवू घातलं. (इथून पुढं रो.मा. लिहीन.)

गाव म्हणतं किसना विलायतेला गेलता. विलायत न्हाई, एक्वादोर! बीडच्या कचेरीत मुन्शीला बी हेच सांगितलं. त्यानं उर्दूत 'विलायत' लिहिलं आन् पान खायला उठला.

आबाला बेत सांगितला. "तू चुलीपासनं लांब ऱ्हा," म्हणाला. "सूनबाईला करू दे दाण्याची आमटी." म्हणलं, चूल माझी, लेक माझी, हात बी माझाच लागंल.

संध्याकाळी कारभारीण बोलली, दोन दिवसांनी पहिल्यांदा. "कराल ते करा. पण तात्यांपुढं समुद्राचं नाव काढू नका, पाया पडते." मी हूं केलं. हूं म्हंजे वचन न्हाई, पण तिला तसंच वाटलं असंल.

शु. ६, गुरुवार

बाजारात नगरकडचे बटाटे मिळाले, बारके पण कोरडे. पिठूळ बटाटाच लागतो ह्याला.

पहिला घाणा केला. उकडून, गरम असतानाच चेचायचा, हात भाजला तरी. कांदा काढला, एकादशीला चालत न्हाई. तुपाला लाल रंग देणाऱ्या बिया तिकडून आणल्यात, त्या बी काढल्या. तात्यांनी विचारलं ह्ये काय, तर काय सांगू? नासवलेलं दूध तर आता घरात नावच काढायचं न्हाई. मागं ऱ्हायलं काय? नुसता बटाटा. रो.मा. असती तर पळी फेकून मारली असती.

त्यात तव्याला चिकटला. उलथलं की निम्मा खाली, निम्मा वर. रो.मा. म्हणायची, घाई करणाराचा तवा त्याला काही देत न्हाई. माय बी तेच म्हणाली, तिला एक्वादोर न्हाई ठाऊक. "खाली खरपूस होऊ दे की मेल्या. थालीपीठ कवा बघितलं न्हाईस का?"

शु. ७, शुक्रवार

कारभारणीपुढं डोकं टेकलं आज.

मी चुलीपुढं तोंड पाडून बसलेला. ती दही बांधलेलं फडकं खुंटीवरून काढून माझ्या मांडीवर ठिवून गेली. "चक्का घाला की. दूध नासलं बी न्हाई आन् उपासाला बी चालतंय." बस, एवढंच.

चक्का! घट्ट दाबून, सैंधव घालून बटाट्याच्या गोळ्यात भरला. चापट केला, तुपात सोडला, हात बांधून बसलो. आपसूक सुटला तव्यावरून. वर सोनेरी, आत आंबूस मऊ. केसियो न्हाई, पण रो.मा.नं खाल्ला असता आन् म्हणाली असती, "पोरा, कुणी शिकवलं?" म्या सांगितलं असतं, माझ्या बायकोनं.

समुद्रापल्याड जाऊन बारा गावचं पाणी प्यायलो, पण ह्ये मला सुचलं न्हाई. तिला बोलून दाखवलं तर म्हणाली, "लई झालं, भांडी घासायची हायेत."

शु. ९, रविवार

आबाशी भांडण. सालसा दे मानी केला: शेंगदाणे मंद भाजून, सालं पाखडून, पाट्यावर लोण्यासारखे वाटायचे, तुपात हिरवी मिरची परतायची आन् दुधात शिजवायचं. पाण्यात न्हाई, दुधात! पळीवरून वाहायचं न्हाई, बसायचं.

आबानं बोट बुडवून चाटलं. "ही तर दाण्याची आमटी."

आमटी कावून म्हणतोस? गूळ हाय का ह्यात? आमसूल हाय का? तर म्हणतो, "न्हाई, पण आमटीच हाय. बरंच हाय की, तात्यांना बी तेच सांगू." लई राग आला. माझ्या रो.मा.चा सालसा ह्यानं दोन शब्दांत आमच्या गावचा, नांदूरघाटचा करून टाकला.

पण जरा वेळानं वाटलं, तिथल्या शेंगा अशाच, इथल्या बी अशाच. जाऊ दे.

शु. १०, सोमवार

उद्याची तयारी. कच्ची केळी आणली. जाड काप तुपात तळायचे, काढून तांब्याच्या बुडानं चेचायचे, परत तळायचे. पाताकोनेस. सुंदरा चेचत होती, पाटावर बसून, तांब्या दोन्ही हातांत. चेचता चेचता थांबली.

"बा, तात्यांनी खाल्लं न्हाई तर?"

"तर मी खाईन. सगळं."

हसवाया म्हणालो. ती हसली न्हाई. मग परत चेचाया लागली, पहिल्यापेक्षा जोरात.

मला भ्या वाटतंय. ग्वायाकीलला ताप चढला तवा बी एवढं वाटलं नव्हतं.

शु. ११, मंगळवार

तात्या दुपारी आले. पांढरी मिशी, गळ्यात माळ, छकड्यात एक गडी. सुंदराला नाव विचारलं, जवळ बसवलं, दोन शब्द बोलले. तिनं मान खाली घालून, पण स्पष्ट उत्तर दिलं. इथवर चांगलं.

मग आबा म्हणाला, "पाव्हणं, फराळ."

"घोटभर दूध बास. उपास हाय आमचा."

"उपासाचंच हाय," म्या म्हणालो आन् ताट ठिवलं. तीन यापिंगाचो, भोवती सालसा, कडंला पाताकोनेस.

तात्यांनी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "कुणाच्या हातचं?"

आबा "सूनबाईच्या" म्हणायच्या बेतात होता. म्या आधी बोललो. "माझ्या."

"कांदा?" न्हाई. "हळद?" न्हाई. "मीठ?" सैंधव. "आतलं पांढरं?" चक्का, घरच्या म्हशीचा. आडवायला काय ऱ्हायलंच न्हाई. माणूस प्रामाणिक, खोटं कारण काढणारा न्हाई. निमित्त एकादशीचं होतं आन् एकादशीचंच ताट पुढ्यात. तुकडा मोडला, सालशात बुडवला, तोंडात घातला.

चावत ऱ्हायले. दुसरा तुकडा. मग एक अख्खा संपला, दुसरा संपला. माझी छाती अशी फुगली की बंडीचे बंद तुटले असते. माझ्या हातचं! माझ्या वसरीवर, दिवसाढवळ्या, कवाड सताड उघडं ठिवून!

तिसरा मोडताना विचारलं, "ही रीत कुठली? आमच्या शिरूरकडं न्हाई बघितली."

दाराआड बांगड्या वाजल्या. मला कळलं त्या काय म्हणायल्यात. आबा घाईनं म्हणाला, "इकडचीच वो, नांदूरघाटची."

झालं असतं. तात्यांनी मान हलवली असती, सोयरीक ठरली असती. पण मला रो.मा. दिसली, चुलीपुढं फतकल मारून, घामानं डबडबलेली. तिनं मला मरू दिलं न्हाई आन् तिच्याच ताटावर मी तिचं नाव पुसू?

"एक्वादोरची," म्या म्हणालो. "समुद्रापल्याड. मला तापातनं वाचवलं त्या बाईची रीत हाय. घरी आमी तिनं शिकवलेलं करतो, तुमच्यापुढं खोटं कावून बोलू?"

आबानं डोळे मिटले. तात्यांचा हात ताटातच थांबला. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज.

"तिथं उपास करतात?" तात्यांनी विचारलं.

"करतात. सणाच्या आधी चाळीस दिवस मटणाला शिवत न्हाईत. रोसामावशी तर त्या दिवसांत एकदाच जेवायची."

"चाळीस?" मग म्हणाले, "माळ होती का तिच्या गळ्यात?"

"गळ्यात न्हाई, हातात. लाकडी मण्यांची. रोज सांजंला ओढत बसायची, ओठ हलवत. मधी कुणी बोललेलं खपायचं न्हाई."

"हं." तिसरा खाल्ला. सालसा बोटानं पुसून घेतला.

हात धुतले, घोंगडीवर टेकले. सोयरिकीचं अक्षर न्हाई काढलं. उन्हं कलली तसं गड्यानं विचारलं, "तात्या, जुंपू का? केज गाठायचंय."

"बैल दमल्यात. ऱ्हाऊ दे आज."

बैल काय दमले नव्हते. चांगले रवंथ करत बसलते.

कारभारीण आत मला म्हणाली, "सांगितलंतच ना शेवटी." डोळ्यांत पाणी होतं. रागाचं का कशाचं, विचारलं न्हाई. उरलेला एक यापिंगाचो तिनं मोडला, अर्धा माझ्या हातावर ठिवला.

शु. १२, बुधवार

तात्या आंघोळ, पूजा करून वसरीवर बसलेत. उपास सकाळीच सोडायचा असतो. फराळ येगळा, भाकरी येगळी. फराळ कुणाकडं बी होतो, उपास सोडायचा म्हंजे त्या घरचे झालात. ही गोष्ट मला ठाऊक हाय, कारभारणीला ठाऊक हाय, त्यांना तर हायच.

मायनं देवापुढं दिवा लावला. सुंदरा अंगण झाडतीय, एकच जागा परत परत.

कारभारणीनं ज्वारीचं पीठ चाळून परातीत घेतलं आन् माझ्याकडं बघितलं. "मळू का?"

"मळ," म्हणालो.

तेवढ्यात वसरीवरून हाक आली. "किसनराव!" पहिल्यांदा नावानं. बाहेर गेलो. तात्या माळेचा मणी बोटानं फिरवत होते.

"काल जे केलतं, ते उपास नसतो तवा त्यात काय काय घालतात?"

"कांदा घालतात तात्या, बारीक चिरून. रंगाच्या बिया तुपात टाकतात, लाल होतं. वरून भात."

"बिया हायेत का तुमच्याकडं?"

"हायेत. तिकडनंच आणल्यात."

तात्या रस्त्याकडं बघत बसले. गडी बैल सोडून विहिरीकडं गेलाय, पाजून जुंपाया की नुसता पाजाया, मला कळंना आन् विचारायची हिंमत न्हाई.

आत येऊन बियांची पुरचुंडी काढली. कांदा चिरला. भाकरी तव्यावर पडली. चार ओळी लिहाव्यात म्हणून बसलो तर सुंदरा धावत आली, "बा, तात्या हात धुवाया पाणी मागायलेत."

तांब्या भरून निघालो.