आत्याच्या अंगावरची अक्षरं

प्रिय मेहुणेबुवा,

वयाने धाकट्या मेहुण्याला आधी नमस्कार लिहावा की आधी आशीर्वाद, यावरून सकाळी तुमच्या ताईशी माझा वाद झाला. तेव्हा दोन्ही पाठवतो आहे. सोयीचं ते ठेवून घ्या, उरलेलं परत करायची गरज नाही. तुमच्या कंबरेचं कसं काय? खुर्चीत बसून बसून ती धरते असं ताईकडून कळलं. अधूनमधून उठत जा. (यंत्रं बसलेली बरी, माणसं नव्हे.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे साधं वाक्य मागच्या आठवड्यात मला लिहिता आलं नसतं, ते का, हे सांगायलाच पत्र लिहायला बसलो. मागायचं काही नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

तर तुम्ही मोठ्या प्रेमाने आमच्या चपलांच्या कपाटावर बसवून गेलात ती पेटी. तिला तुम्ही मीडिया सर्व्हर म्हणता, ताई 'भावाची पेटी' म्हणते आणि आप्पा, म्हणजे आमचे तीर्थरूप, तिला 'ती घुमणारी' म्हणतात. घरातले सगळे फोटो, सगळ्या चित्रफिती तिच्या पोटात, आणि ज्याला जे हवं ते टीव्हीवर हजर, असं तुम्ही सांगितलं होतंत. झालंही तसंच. पहिला महिना आम्ही आमच्याच लग्नात जेवणारी माणसं बघण्यात सुखाने घालवला. (तुम्ही त्यात सारखे पंगतीत दिसता, हे सहज नोंदवतो.) अडचण आली ती आत्या राहायला आली तेव्हा.

आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. वय ऐंशीच्या पलीकडे, पाठ अजून फूटपट्टीसारखी. तरुणपणी तिने धरणाचा जलाशय या काठापासून त्या काठापर्यंत पोहून पार केला होता, आणि आमच्या घरात गेली कित्येक वर्षं एकच खटला चालू आहे: तिने तो पार केला की नाही. आप्पांचं म्हणणं, अर्ध्यावर तिने बोटीला हात लावला, तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, कारण ते बोटीत होते. आत्याचं म्हणणं, मी पोहून गेले. यापलीकडे ती एक शब्द बोलत नाही. आतोबांचा फोटो स्टुडिओ होता, त्यांनी हा सगळा प्रकार बोटीतून आवाजासकट चित्रित केला होता, पण ते रीळ ट्रंकेत पडलं आणि ते दाखवायचं यंत्र बिघडलं ते बिघडलंच. पुढे आतोबाही गेले. ते रीळ तुम्ही शोधून, धुऊनपुसून पेटीत घातलंत, वर आप्पांना कमी ऐकू येतं म्हणून खाली ठळक अक्षरांत सबटायटलंही, स्वतः न बघताच, यंत्राकडून टाकून घेतलीत. तुमच्या या चांगुलपणानेच सगळा घोटाळा केला, हे मी रागाने म्हणत नाही. तुम्ही चांगले आहात, एवढंच म्हणतो.

रविवारी संध्याकाळी आम्ही चौघे टीव्हीसमोर बसलो. आप्पा न्यायाधीशासारखे मधल्या खुर्चीत. (त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. पाण्याविषयी आपल्यापेक्षा जास्त कोणाला कळतं हे त्यांना मान्य नाही.) चित्र सुरू झालं आणि पेटीचा पंखा असा काही घोंघावू लागला, की शेजारचे गच्चीवर जाऊन विमान शोधू लागले. पडद्यावर पाणी दोन पावलं पुढे जाई आणि थबके. आवाज घोगरा होई. आत्या म्हणजे एक करडा ठिपका. मेहुणेबुवा, लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून मी उभा जन्म चष्म्याच्या दुकानात भिंगं घासली, आणि माझ्याच घरात माझी सख्खी आत्या बदक आहे की माणूस हे कळेना. त्यात ती नेमकी चित्राच्या खालच्या भागात पोहत होती आणि तुमची अक्षरं तिथेच. दर थोड्या वेळाने तिच्या पाठीवर 'पाण्याचा आवाज' असं उमटे. शेवटी मधला तुकडा गाळून चित्राने उडी मारली, एकदम बोट जवळ आली, त्या ठिपक्यातून एक हात निघाला, बोटीच्या कडेला टेकला, आणि चित्र थिजलं. मधोमध ते गोल फिरणारं चक्र.

आप्पा ताडकन उठले. "हात! लावला की नाही हात?" असं म्हणून त्यांनी टीव्हीला वंदन करायचं तेवढं बाकी ठेवलं. मला वाटलं, आत्या आता पुढचं दाखवा म्हणून हट्ट धरील. पण ती म्हणाली, "राहू दे रे. बंद कर." आणि खोलीत गेली. हे मला विचित्र वाटलं. आप्पांना मात्र विजय वाटला. त्यांनी सोमवारी सगळ्या नातेवाइकांना फोन करून पुरावा सापडल्याचं जाहीर केलं. एका चुलतभावाने म्हणे पेढे मागितले. मंगळवारी आत्या बॅग भरायला लागली. नुसत्या साड्यांच्या घड्या, एकीवर एक, आणि प्रत्येक घडीवर तळहात दाबून फिरवत होती. तुमची ताई दाराशी उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि तिचं ते बघणं तुम्ही लहानपणापासून ओळखता. ही बाई अशी निघून गेली तर पुन्हा या घरात येणार नाही, हे मलाही कळत होतं.

मग मी तुम्हाला फोन केला. त्या फोनवर तुम्ही जे व्याख्यान दिलंत ते मी ताईला पुढीलप्रमाणे समजावलं. पेटीपुढे दोन मार्ग असतात. एक डायरेक्ट प्लेबॅक. म्हणजे चित्रफीत आहे तशी उचलून टीव्हीच्या हवाली करायची, टीव्ही काय ते उलगडून बघेल. दुसरा ट्रान्सकोडिंग. म्हणजे पेटीने स्वतः प्रत्येक चित्राची घडी मोडायची, त्यात हवा तो बदल करायचा, पुन्हा घडी घालायची आणि मग पाठवायची, आणि हे सगळं चित्र धावत असताना. पहिला मार्ग म्हणजे तयार चष्मा डबीतून काढून नाकावर ठेवणं. दुसरा म्हणजे गिऱ्हाईक रस्ता ओलांडत असताना त्याच्या मागे धावत धावत काच घासून बसवणं. आपली पेटी बिचारी गरीब, तिला हे धावणं झेपत नाही, म्हणून ती धापा टाकते. हे ताईला पटलं. पेटी ट्रान्सकोडिंग करते आहे हे तुम्ही तिकडे बसून सांगितलंत. ती का करते आहे, हे मात्र "बघावं लागेल" म्हणालात. (डॉक्टरही असंच म्हणतात, पण ते निदान नाडी तरी धरतात.)

बघावं लागेल म्हणून मी बघितलं. पेटी चपलांच्या कपाटावरून काढून खिडकीत ठेवली. टेबलफॅन आणून तिच्यावर रोखला. घरातल्या इतर कोणीही काहीही बघायचं नाही असा हुकूम काढला, तो तुमच्या ताईने माझ्यासमोरच मालिका बघत ऐकला. जाड वायर आणली, ती दिवाणखान्यातून अशी ताणली की आप्पा येता-जाता पाय उचलून चालू लागले. पंख्याचा आवाज कमी झाला नाही. चक्र तसंच फिरत राहिलं.

बुधवारी आत्याची बॅग दाराशी आली. तेव्हा खुद्द आप्पांनीच तिला अडवलं. त्यांना वाईट वाटत होतं असं नव्हे. त्यांना उरलेला पुरावा तिच्यादेखत बघायचा होता. "पुढचं बघून जा. मग म्हणू नकोस की अर्धवटच दाखवलं." आत्याने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. नंतर चपला काढल्या, येऊन बसली आणि म्हणाली, "तुझीच इच्छा आहे ना? मग लाव. पण आधी माझ्या अंगावरची ती अक्षरं काढा."

अक्षरं बंद केली आणि पंखा थांबला.

खरंच सांगतो, आधी वाटलं पेटी मेली. तर समोर पाणी! निळं, लखलखीत, एकेक लाट मोजून घ्यावी असं. ती अक्षरंच मुळात नडत होती, हो. पेटीला प्रत्येक चित्र उलगडून त्यावर तुमचं 'पाण्याचा आवाज' रंगवून पुन्हा घडी घालावी लागत होती. अक्षरं गेली, काम संपलं, तिने चित्रफीत आहे तशी टीव्हीकडे सोडून दिली. (हा शोध मी स्वतःच्या हिमतीवर लावला, हे आपल्या ऑफिसात सांगायला हरकत नाही.) आणि अक्षरं गेल्यावर आप्पांनी काय केलं असेल? कानाला लावायचं जे यंत्र ते सेल वाचवायला सदैव खिशात ठेवतात, ते काढलं आणि कानात घातलं.

आता आत्या दिसली. केस घट्ट बांधलेले, तोंड पाण्याबाहेर येई तेव्हा हसत असलेलं. बोट तिच्या बाजूने, वल्ही मारणारा कोणी नावाडी, आणि मध्ये काठीसारखे तरुण आप्पा. कॅमेऱ्यामागून आतोबांचा आवाज: "वा! वा! अर्ध्यावर आलीस!" तेवढ्यात आप्पा हात हलवायला म्हणून उठून उभे राहिले. आतोबा "अरे बस, बस" म्हणताहेत. आप्पा कुठले बसतात. बोट कलली, आणि पाटबंधारे खातं धाडकन पाण्यात.

पुढचं थोडं आभाळ दिसतं, थोडं बोटीचं बूड, कारण आतोबा घाबरले असणार. मग चित्र सावरतं. आत्या दोनच हातांत त्यांच्यापाशी पोचली आहे. एका हाताने तिने त्यांची कॉलर धरली आहे, दुसरा हात बोटीच्या कडेला टेकवला आहे. तोच तो हात! आणि आवाज इतका स्पष्ट की ती खोलीतच बोलते आहे असं वाटावं: "मला मिठी मारू नकोस. पाय मार. मार पाय. मी सोडत नाही तुला." मग नावाड्याने वरून ओढलं, तिने खालून ढकललं, आप्पा पोत्यासारखे बोटीत पडले. तिने बोटीवरचा हात काढला आणि एकदाही मागे न बघता पोहत निघाली ती थेट पलीकडच्या काठापर्यंत.

आप्पांची हनुवटी हलत होती. आम्हाला वाटलं, आता हे रडणार. तर ते कडाडले, "मी बुडत होतो आणि हा गृहस्थ चित्रण करत होता?"

"त्यांना कुठे पोहता येत होतं?" आत्या म्हणाली, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. ताईलाही. मी कर्तव्य म्हणून गंभीर राहिलो.

मग आप्पा आत्याला हळूच म्हणाले, "ताई, मला हे आठवतच नव्हतं गं."

"काठावर आल्यावर तूच म्हणालास, कुणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं." तिने त्यांच्या कानातलं यंत्र नीट बसवलं. "तू तर स्वतःलासुद्धा सांगितलं नाहीस."

आप्पांनी तिची बॅग उचलली. (वायरवरून पाय उचलत.) आत नेऊन ठेवली. दुपारभर ते पुन्हा सगळ्या नातेवाइकांना फोन करत होते. या वेळी आवाज जरा बारीक होता, पण फोन सगळ्यांना गेले. पेढे मागणाऱ्यालाही.

असो. सांगायचं तात्पर्य, पेटी ठणठणीत आहे, आम्हीही आहोत. कंबरेला जपा.

आपला,
ताईचा नवरा

ता. क. मागायचं काही नाही असं वर लिहिलं आहे, ते माझ्यापुरतं. आप्पा आत्ता खोलीत येऊन दार लावून म्हणाले, की ती बुडण्याची जागा तेवढी वेगळी काढून त्यांच्या फोनवर पाठवाल का. "मी सोडत नाही तुला" इथपर्यंत हवी. आत्याला कळता कामा नये.

ता. ता. क. आप्पा गेल्यावर आत्या आली. तिचं म्हणणं, ती जागा चित्रफितीतून कायमची कापून टाकावी. पोरंबाळं बघतील, त्याला हसतील, तो आता म्हातारा झाला. हेही आप्पांना कळता कामा नये. काय करायचं ते तुम्हीच ठरवा. यंत्रातलं तुम्हाला कळतं.

अरे, पत्र पाकिटात घालायला यांनी माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. अक्षरं बंद करायचं बटण आत्यांनी दाबलं. हे तेव्हा खिडकीत टेबलफॅन धरून उभे होते. आप्पांना ती जागा पाठव, आणि कापू काही नकोस, आत्यांना मी सांभाळते. आता खरं काम ऐक. आप्पांनी पोहायला शिकायचं मनावर घेतलंय. सोमवारपासून आत्या त्यांना तरणतलावावर नेणार, उथळ बाजूला. हे काठावर उभे राहून चित्रण करणार म्हणून आत्तापासून फोन पुसत बसलेत. यांनाही पोहता येत नाही. मलाही नाही. तू रजा काढ आणि ये. चड्डी घेऊन ये. — ताई