वाळूजच्या गेटवर दादा

११ फेब्रुवारी २०१९

पुरवणी माझ्याच गळ्यात पडली. ‘उद्योगभरारी — जिल्ह्यात नोकऱ्याच नोकऱ्या’. मथळा संपादकांचा, बाकीचं मी शोधायचं. म्हणजे मुख्यतः नोकऱ्या. दिवसभर वाळूजला हिंडलो. कारखानदार विस्ताराबद्दल भरभरून बोलतात. माणसं किती घेणार विचारलं की चहा मागवतात.

घरी आलो तर अजिनाथ वाट बघत बसलेला. दादाचा मुलगा. आयटीआय करून इथल्या एका प्रेस शॉपला, म्हणजे पत्र्याचे सुटे भाग ठोकणाऱ्या कारखान्यात, लागलाय, ठेकेदारामार्फत, आणि बजाजनगरात माझ्याकडंच राहतो.

“काका, सुपरवायझर म्हणला, मे महिन्यात काही पोरं परमनंट करणारेत. म्या बी हाय म्हणं त्यात.”

नित्य काय नि अनित्य काय, यावर आमच्या शास्त्र्यांनी शेकडो वर्षं वाद घातला. वाळूजला एचआरवाल्यांनी तो मिटवून टाकलाय — सगळं अनित्य. पण पोराचा चेहरा बघितला आणि विनोद गिळला.

२ मार्च

गावी. तळ्याच्या बुडाला भेगा. टँकर आला तर आला.

दादानं — त्रिंबक, माझा थोरला भाऊ — संध्याकाळी शेताच्या कडेला वाघूर लावली. जाळ्याचं कुंपण. एका फटीतून एकेक मेंढरू आत सोडतो, प्रत्येकाच्या पाठीला हात लावून. मोजत नाही. कोण आलं नाही ते हाताला कळतं म्हणे.

“चारा छावणीत गाया-म्हशी घेतात. मेंढरं नाय म्हणले,” दादा म्हणाला. “पंडित, तू पेपरात लिहितो. खरं सांग. पोराचं बसंल का तिथं?”

मी संस्कृत शिकलो ते तो मेंढरांमागं राहिला म्हणून. त्यामुळं पंडित म्हणून चिडवायचा हक्क एकट्या त्याचाच.

“बसेल,” मी म्हणालो. “विकून टाक दादा. इथं डोळ्यांदेखत मरतील.”

चुलीजवळून वहिनी: “बसंल का बसलं? नीट सांगा भावजी.” दगडाबाई वहिनींनी वार्ताहर व्हायला हवं होतं. मी तेव्हा नुसता हसलो.

९ मार्च

मेंढरं गेली.

व्यापाऱ्याची माणसं पाय धरून ओढायला लागली तसा दादा मध्ये पडला. “कुणी हात लावू नका.” एकेक स्वतः उचललं, पाठीवरून हात फिरवला, गाडीत उभं केलं. शेवटच्यापर्यंत. व्यापारी वैतागला, उशीर व्हायलाय म्हणाला. दादानं ऐकलं नाही.

“परक्याचा हात लागला की बिथरत्यात,” एवढंच बोलला.

एकही ओरडलं नाही. गाडी गेल्यावर वाघूर गुंडाळायला मला हाक मारली, आणि मी जवळ जाईपर्यंत ती तशीच टाकून घरात निघून गेला.

१० मार्च

लिहिण्यासारखं काही नाही.

२४ मार्च

गावात हाताला काम नाही, म्हणून वहिनींनी दादाला माझ्याकडं धाडलं. पहिले दोन दिवस बजाजनगरात काठी घेऊन फिरला. कुणाची तरी शेळी रस्त्यावरनं वळवून दिली, मालकाला कशी सांभाळायची ते ऐकवलं. आणि तिसऱ्या दिवशी नोकरी! सिक्युरिटी एजन्सीला माणसं हवी होती, उन्हात उभी राहणारी. ड्युटी नेमकी अजिनाथच्याच कंपनीच्या गेटवर.

निळा शर्ट, टोपी, शिट्टी. फेटा सोडताना जरा घुटमळला. शिट्टी उलटीपालटी करून म्हणाला, “ही कशाला? तोंडानं येती की.”

गेला महिनाभर ज्या रोजगारवाढीच्या मागं फिरतोय, तिचा डोळ्यांसमोर घडलेला हा पहिला पुरावा. वय पंचावन्न, शिक्षण नाही, अनुभव मेंढरांचा.

१२ एप्रिल

आज जेवताना अजिनाथ हसून हसून बेजार.

“काका, आबा काय करत्यात माहितीये? शिफ्टला आत सोडताना दर माणसाच्या पाठीला हात लावत्यात. परवा मॅनेजरच्या बी लावला.”

“मग?” दादा म्हणाला. “त्याला काय पाठ नाय व्हय?”

पोरं त्याला मामा म्हणतात. एकाला यानं विचारलं, काल कुठं होतास? “ताप व्हता, मामा.” ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. फटीतून कोण आलं नाही ते दादाला कळलेलं.

बापलेक डबा बांधून बरोबर निघतात. गेटवर मात्र ओळख दाखवत नाहीत. ड्युटी म्हणजे ड्युटी, असं दोघांनी ठरवलंय. पाठीवर हात तेवढा चालतो.

१ मे

पुरवणी आली. आत दादाचा गेटवरचा फोटो. खालची ओळ माझी — ‘दुष्काळात उद्योगांनी दिली नवी संधी’. दादानं पान घडी करून टोपीत ठेवलं आणि वहिनींना फोन लावला.

“पेपरात आलोय मी.”

पलीकडून आवाज मोठा, मलाही ऐकू आलं. “पोराचं काय झालं ते सांगा.”

१४ मे

अजिनाथला ब्रेक दिला.

इथली रीतच आहे. टेंपररी माणसाला काही महिन्यांनी काढतात, म्हणजे कायम करायला नको. त्याला आदल्या दिवशी कुणी सांगत नाही. सकाळी गेटवर वॉचमन कार्ड मागून घेतो, तेच सांगणं. आज गेटवर दादा होता.

“पाठीवर हात ठिवला, रोजच्यागत,” अजिनाथ म्हणाला. “मग दुसरा हात पुढं केला. म्या कार्ड दिलं. तोंडाकडं बघितलं बी नाय, काका. मागच्याला म्हणले, चल, पुढं हो.”

दादा घरी आल्यावर विचारलं, “कुणाचं कार्ड घेतोय ते बघायचं तरी!”

“गर्दी असती,” दादा म्हणाला. “कोण बघतंय.” आणि भाकरी मोडत बसला. मोडलेली खाल्ली नाही.

माझा संताप झाला. मेंढरू ओळखणाऱ्या हाताला स्वतःचं पोर ओळखू येऊ नये?

१७ मे

अजिनाथ चाकणला गेला. तिथं मित्राच्या खोलीवर राहून काम शोधणार. माझ्या पाया पडला, बापाच्या नाही. पिशवी उचलून तो दादाच्या शेजारून निघाला तेव्हा दादाचा हात उचलला गेला, पण पोर पुढं निघून गेलं होतं. हात दाराच्या चौकटीवर ठेवला.

बसेल, असं मीच म्हणालो होतो. वहिनींना फोन करायचं धैर्य होत नाही.

२१ मे

दादाशी बोलणं बंद आहे. तो सकाळी टोपी घालून जातो, येतो, झोपतो. संपादकांना पुरवणी आवडली. दुसरा भाग मागतायत.

२६ मे

बाजारात अजिनाथचा सुपरवायझर भेटला. मी टोचलंच — बापाच्या हातानं पोराला काढलंत.

तो ओशाळला. “साहेब, मामांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं, उद्या तुमचं पोरगं हाय म्हणून. रजा घ्या म्हणलं, दुसऱ्याला उभा करतो. नाय म्हणले. परक्याचा हात नको लागायला, म्हणले.”

चाकणला फोन लावतोय. लागत नाही.