पट्टीवरच्या चिठ्ठ्यांचा नवा नियम

कुंडल,
मंगळवार, १८ नोव्हेंबर १९९७

तीर्थरूप जयराज दाजींना अर्जुनाचा वाकून नमस्कार. राजनंदिनी अक्काला मात्र अर्धाच (मागच्या पत्रात तिनं सख्ख्या भावाला ‘वायरवाला’ म्हटलंय, उरलेला अर्धा तिची माफी आल्यावर). तिकडं सेलमात सोनं-चांदी गाळायचं, गलाईचं दुकान बरं चाललं असेल. भट्टीच्या धुरानं तुमचा खोकला वाढलाय असं कानावर आलं. अक्का काढा करून देत असेल आणि तुम्ही तो तुळशीला घालत असाल. इकडे तुमच्या मातोश्री, म्हणजे आमच्या रंगूबाई मावशी, ठणठणीत आहेत. किती ठणठणीत आहेत, तेच सांगायला पत्र लिहायला घेतलं.

आपली केबल तुम्हाला माहीतच आहे. माझ्यासारखा रेडिओ दुरुस्त करणारा गडी गच्चीवर एक छत्री बसवतो काय आणि तीनशे बारा घरांत चित्रं हलायला लागतात काय! पण खरं सांगू, गावाला गोडी चित्रांची नाही, चित्राखालनं सरकणाऱ्या पट्टीची. दुकानापुढं डालड्याचा डबा टांगलाय. त्यात चिठ्ठी टाकायची, सांजंला ती पट्टीवर फिरणार, तीही फुकट. सुरुवातीला हरवलेली म्हैस, कुणाचं बारसं, कुणाचा दहावा असलं काही यायचं. मग माणसं धीट झाली. ‘आमच्या बांधावरचा लिंब तोडणाऱ्यास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ अशी चिठ्ठी आली (नाव नव्हतं, पण त्या दिवशी वाढदिवस गावात एकाचाच होता). त्यानं दुसऱ्या दिवशी लिंब तोडल्याचं नाकारलं नाही, नुसता पेढा वाटला. मग ‘डेअरीला दूध घालणाऱ्या वहिनींची विहीर आटल्याबद्दल सहानुभूती’. माझे कान तिखट. आठ वाजता आळीतनं चाललो की घराघरातनं हसू ऐकू यायचं आणि सकाळी नवी जोडणी मागायला माणूस यायचा. म्हणून मी गप्प (धंदा आहे, दाजी).

आणि दिवाळी झाल्यावर डब्यात मावशींची चिठ्ठी निघाली. शेजारच्या पोरीकडनं लिहून घेतलेली, म्हशीच्या चिठ्ठीच्या घाटाची. जशीच्या तशी देतो: ‘हरवला आहे. नाव जयराज. रंग सावळा, डाव्या भुवईवर वण, स्वभाव गरीब, बायकोच्या मागनं चालतो. दोन दिवाळ्या घरी आला नाही. कुणास आढळल्यास रंगूबाईकडे आणून बांधावा.’

आता तुम्हीच सांगा. ज्या बायकोच्या मागनं तुम्ही चालता, ती माझी बहीण. तीनशे बारा घरांत हे फिरवू? फिरवावं तर अक्का, न फिरवावं तर मावशी. मग मी सरळ सगळ्या गावासाठीच एक नियम केला, म्हणजे मावशींना वेगळं काही सांगायला नको. इथंच माझी शहाणपत नडली. नियम लिहून घ्यायला गेलो निवृत्त हेडमास्तर विष्णुपंतांकडे. त्यांनी खुशीत लिहून दिलं, आणि शुक्रवारी पट्टीवर फिरलं: ‘व्यक्तिसापेक्ष व उपरोधगर्भ मजकूर यापुढे ग्राह्य धरला जाणार नाही.’

गावाला एक अक्षर कळलं नाही. धुळा मेंढरं रस्त्यात सोडून विचारायला आला, “म्हंजी काय रं गड्या?” मी म्हटलं, तुला नाही रे, ते वरच्या आळीसाठी आहे. वरच्या आळीचा सिद्धू आला, त्याला सांगितलं, खालच्या आळीनं लय उच्छाद मांडलाय म्हणून. बनुबाईंना सांगितलं, काकू, वरनं सरकारी कागद आलाय, माझ्या हातात काय? ज्याला जे गोड लागेल ते दिलं. माझा सगळा धंदा असाच उभा राहिलाय. पण शनिवारी सकाळी डेअरीच्या रांगेत तिघं एकामागं एक उभे राहिले, आणि माप लागेपर्यंत त्यांना बोलण्याशिवाय काम काय? दूध घालून झालं तेव्हा तीन अर्जुना एकाच जागी सापडले होते.

सांजंला डबा उघडला तर एक्केचाळीस चिठ्ठ्या, सगळ्या माझ्यावर. त्यांतल्या सतरांत मला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या (माझा वाढदिवस जूनमध्ये). माझ्याच नियमानं त्या फिरवता येईनात, म्हणून लोकांनी देवळाच्या भिंतीला चिकटवल्या. काही जणांनी वायर उपटून, वेटोळं करून, दुकानाच्या दाराला तोरणासारखी बांधली. सिद्धू म्हणाला, “तुझी छत्री आता पावसाळ्यात वापर.”

हेही निभावलं असतं. पण मधल्या आळीची सगळी वायर तुमच्या माळ्यावरनं जाते. चित्राला जोर देणारी पेटी तिथंच, तिची वीजही तुमच्याच घरातली. रविवारी मालिका सुरू व्हायला आणि मावशींनी पेटीचं बटण बंद करायला एकच गाठ पडली. एकशे चाळीस घरांत पडद्यावर नुसत्या मुंग्या! मी धावत गेलो तर मावशी जिन्याच्या पहिल्या पायरीवर शेंगा फोडत बसलेल्या. मी नियम सांगायला लागलो.

“म्हशीची चिठ्ठी चालती, आन् माज्या पोराची चालत न्हाई व्हय रं?” त्या म्हणाल्या. “म्हस तरी सांजंला दावणीला येती.”

दाजी, मी तिथंच बसून शेंगा फोडू लागलो. सोमवारी पलूसचा एक केबलवाला मोटारसायकलवरनं आळीत खांब मोजून गेला. त्याच दुपारी मी गावासमोर कबूल केलं की नियम माझाच, वरनं काही आलेलं नाही, आणि तो रद्द. मावशींनी बटण लावलं, पण एका अटीवर. ती खाली.

मुलांना आशीर्वाद. खोकल्याला जपा.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
अर्जुना

ता. क. अट अशी: तीस तारखेच्या रविवारी, ऐन मालिकेत, तुमची चिठ्ठी फिरणार. त्याआधी तुम्ही दारात उभे असलात तर नाही फिरणार. बेंगळूरहून मिरजेची गाडी धरा, मी स्टेशनवर जीप घेऊन येतो. पेटीचं बटण मावशींच्याच हातात, म्हणजे माझी केबल आता तुमच्या तिकिटावर आहे.

आणखी ता. क. अक्काला सांगा, ‘बायकोच्या मागनं चालतो’ हे मी भांडून काढायला लावलं. त्या जागी मावशींनी स्वतः सांगून नवीन लिहून घेतलं: ‘बायको सोबत असल्यास तिलाही आणावे. तिच्यावाचून जास्त सुनं वाटतं.’ हे आता कुणाला लागेल का, म्हणून विष्णुपंतांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, “शुद्धलेखन तपासू नकोस. तसंच जाऊ दे.”